बेने इस्रायल : अंत्यविधी व दुखवटा

बेने इस्रायल हा कोकणात रुजलेला मराठीभाषक ज्यू समाज. 1948 नंतर त्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले. मागे राहिलेल्यांची मोठी वस्ती ठाण्यात असून टेंभी नाक्याजवळील शार हाशामाईम हे 1879 चे सिनेगॉग तिचे केंद्र आहे. समाजाच्या परंपरेत अलिबागजवळच्या नवगावला विशेष मान आहे. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना तेथे दफन केल्याचे सांगतात. पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन उंचवटे तेथे दाखवले जातात.

धर्मशास्त्राप्रमाणे दहन निषिद्ध आहे. दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतात. मात्र शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, ते होत नाही. मृतास विधिपूर्वक स्नान घालणे म्हणजे ‘तहारा’. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रियाच न्हाऊ घालतात. नंतर पांढरे, साधे, बिनखिशाचे कफन चढवतात. गरीब-श्रीमंत सर्वांना एकच कफन, हा दंडक फार जुना आहे.

अंगावरचे वस्त्र फाडण्याच्या विधीला ‘केरिया’ म्हणतात. आईवडील, पती किंवा पत्नी, मुले आणि भावंडे एवढ्यांसाठीच तो बंधनकारक असतो व उभ्यानेच करायचा असतो. आईवडिलांसाठी डावीकडे, हृदयाच्या बाजूला फाडतात, इतरांसाठी उजवीकडे. इतरांसाठी फाडलेले वस्त्र तीस दिवसांनी नीट शिवता येते. आईवडिलांसाठी फाडलेल्याला तेव्हा फक्त कच्चे टाके घालता येतात, ते पूर्ववत कधीच करायचे नसते. शास्त्रकारांनी दुःखाची प्रत शिवणीवरून ठरवली आहे, आणि ती मनाला पटते.

दफनानंतर ‘शिवा’ बसतात. दफनाचा दिवस धरून सात दिवस घरचे लोक जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसतात. कामधंदा बंद असतो, चामड्याची पादत्राणे वर्ज्य असतात. पहिले जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायचे; त्यात उकडलेली अंडी असतात. सातवा दिवस पुरा मोजावा लागत नाही, सकाळी थोडा वेळ बसले की पुरते. शेजारी याला सुतक समजतात, पण या घराचा विटाळ नसतो. उलट सांत्वनाला जाणे हे पुण्यकर्म मानतात. जाणाऱ्याने मात्र दुखवट्यातील माणूस बोलेपर्यंत गप्प बसावे. कबरीला भेट देऊन मृताचे स्मरण करण्याला समाजात ‘जियारत’ म्हणत. हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला. दुखवट्याचा पुढचा टप्पा तीस दिवसांचा, ‘श्लोशिम’. आईवडिलांसाठी दुखवटा वर्षभर चालतो. वर्षश्राद्धाची तिथी हिब्रू पंचांगाने धरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते.

सामुदायिक दुखवटा आव महिन्याच्या नवमीचा. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा तो उपास. कोकणात त्याचे नाव ‘बिरड्याचा सण’ पडले, कारण त्या सुमारास मांस वर्ज्य करून वालाचे बिरडे खात.

मृतासाठी मुलगा ‘कद्दिश’ ही अरामी भाषेतील प्रार्थना म्हणतो. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ ईश्वराची थोरवी आहे. परंपरेप्रमाणे ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. त्यामुळे ज्या गावी दहा ज्यू पुरुष उरलेले नाहीत, तेथे कद्दिश होऊ शकत नाही.