आतबट्ट्याचा व्यवहार?

२००६ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मुलाबाळांसह स्नोडनला गेलो होतो. पावसाने (वेल्सच ते!) डोंगर चढायचा बेत बारगळला, म्हणून लानबेरिसजवळचं डिनॉर्विगचं भूमिगत वीजकेंद्र बघायला गेलो. तिथली युक्ती सोपी आहे. रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. पण चार युनिट खर्चावीत तेव्हा जेमतेम तीन परत मिळतात. आमचे मित्र पेशाने अकाउंटंट. ते लगेच म्हणाले, "हा तर आतबट्ट्याचा व्यवहार!"

घरी आल्यावर मी या हिशेबाच्या मागे लागलो.

कोळशाची आणि अणुशक्तीची मोठी केंद्रं रात्री मागणी घटली म्हणून झटकन बंद करता येत नाहीत. म्हणून वेल्समध्ये १९६३ साली फेस्टिनिओगचं ३६० मेगावॉटचं केंद्र सुरू झालं, तर १९६५ मध्ये स्कॉटलंडमध्ये क्रूआखनचं. डिनॉर्विगला १९७४ ते १९८४ अशी दहा वर्षं लागली. १६ किलोमीटर बोगदे, १,७२८ मेगावॉट क्षमता आणि खर्च साडेबेचाळीस कोटी पौंड!

मिळालं काय? तर वेळेवर वीज. ४ जुलै १९९० ला इंग्लंड-पश्चिम जर्मनी सामना संपला आणि अख्ख्या देशाने चहाच्या किटल्या लावल्या. मागणी एकदम २,८०० मेगावॉटने उसळली. डिनॉर्विगची यंत्रं तयार फिरत असतील तर १२ सेकंदांत १,३२० मेगावॉट देतात. अडीअडचणीला मिळालेलं युनिट महाग कसं म्हणायचं? आता तर वारा जोरात असताना वाया जाणारी वीजही अशी साठवता येते.

पण मंडळी, किंमत फक्त पौंडांत नसते. क्रूआखनचा डोंगर पोखरताना कित्येक मजूर दगावले. डिनॉर्विगला गावं बुडवावी लागली नाहीत, कारण जागा १९६९ साली बंद पडलेल्या पाटीच्या दगडाच्या खाणीची होती. पेरिस तळ्यातले हिमयुगापासूनचे मासेसुद्धा आधी दुसऱ्या तळ्यांत हलवले!

हे वाचताना मला शाळेत शिकलेला मुळशी सत्याग्रह आठवला. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. तरीही भातशेती, देवळं, घरं पाण्याखाली गेली आणि वीज गेली मुंबईला. पुढे त्याच मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला १५० मेगावॉटचा पाणी वर चढवणारा संचही बसला.

मित्राला मी एवढंच सांगितलं, "चौथं युनिट कुठे गेलं ते मीटरवर दिसतं. जमीन कोणाची गेली, ते मात्र दिसत नाही. तेही वहीत लिही, मग व्यवहार आतबट्ट्याचा की फायद्याचा ते ठरव."

यंदा पणत्या लावताना तुम्हीही हा हिशेब करून बघा.