नाते गाव ते ब्रेटन वूड्‌स

महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, 14 जानेवारी 1896 चा. भारताने जागतिक बँकेकडून घेतलेल्या कर्जांचा उगम शोधत मागे गेले, की वाट या माणसापाशी येते.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्‌स येथे 44 देश जागतिक बँक आणि नाणेनिधीची घटना ठरवत होते. भारत पारतंत्र्यात होता, शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. तरीही रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून देशमुख तिथे बसले होते. सोबत अर्देशीर श्रॉफ आणि षण्मुखम चेट्टी. मागास देशांचा विकास हेही नव्या व्यवस्थेचे उद्दिष्ट असावे, असा भारताचा आग्रह होता. युद्धात माल पुरवून भारत ब्रिटनचा धनको झाला होता. ब्रिटनकडून स्टर्लिंगमध्ये येणे असलेल्या त्या रकमेचा प्रश्न श्रॉफांनी मांडला; ब्रिटनच्या विरोधामुळे परिषदेने तो हाती घेतला नाही. ज्याचे येणे लंडनमध्ये अडकले होते, तोच देश पुढे कर्जदार म्हणून ओळखला गेला.

नाणेनिधीत भारताचा वाटा 40 कोटी डॉलरचा, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा होता. संचालक नेमण्याचा हक्क पहिल्या पाचांनाच होता. सोव्हिएत रशिया बाहेर राहिला आणि ती जागा भारताला मिळाली.

ऑगस्ट 1949 मध्ये जागतिक बँकेने आशियातले आपले पहिले कर्ज दिले ते भारतीय रेल्वेला, 3 कोटी 40 लाख डॉलर. पुढच्याच वर्षी देशमुख अर्थमंत्री झाले. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले. 1959 मध्ये कोयनेच्या विजेसाठीही बँकेचे कर्ज आले.

महाड तालुक्यात मात्र रेल्वे पोचायला मार्च 1993 उजाडला. गाडी तालुक्यातल्या वीर स्थानकापर्यंत आली, ती कोकण रेल्वे महामंडळाने मुख्यतः देशातच रोखे विकून उभारलेल्या पैशावर. त्याआधी 1991 मध्ये देशाने सोने गहाण टाकले होते आणि तो नाणेनिधीकडेही गेला होता. 1949 चे रेल्वे कर्ज आणि कोकण रेल्वेचे रोखे यांतला फरक मला मोलाचा वाटतो. 1949 च्या कर्जातली रेल्वे इंजिने परदेशातून घ्यायची होती आणि त्यासाठी डॉलरच लागत होते. कोकणातले बोगदे खणणारे हात, अभियंते आणि बचत करणारी माणसे इथलीच होती. त्या कामाला मुख्यतः रुपयाच लागत होता.