लाखेच्या गावातली लाकडी फरशी

घरात ‘वुडन फ्लोअरिंग’ झालं की पाहुणे म्हणतात, जुन्या माडीच्या सागवानी फळ्या परत आल्या! मला हे नातं मान्य नाही. आठ मिलिमीटरची ती लॅमिनेट फळी लाखेच्या गोत्रातली आहे. म्हणून गोंदियात ती बसते तेव्हा माहेरीच येते, असं मी म्हणतो.

आधी गावाचं नाव. ते गोंड लोकांवरून पडलं, असं एक मत. दुसरं मत असं, की गोंड लोक जंगलातून गोंद म्हणजे डिंक आणि लाख विकायला आणत, म्हणून गोंदिया. मी दुसऱ्या पक्षाचा. पहिलं खरं असतं तर गाव ‘गोंडिया’ झालं असतं. यावर कोणी म्हणेल, रेल्वेने पाटीवर रोमन लिपीत नाव लिहिलं आणि तिथेच ड-दचा घोळ झाला. पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी असलेलं नाव पाटीमुळे बदलत नाही. मराठीत तर डिंक म्हणतात, हा आक्षेपही टिकत नाही. हिंदी मुलखाला खेटलेल्या या बाजारात गोंदच चालणार. शिवाय पळस बघा. त्याच्या सालीतून लाल डिंक झरतो आणि त्याच्याच फांद्यांवर लाखेचा किडा पोसतो. दोन्ही माल एकाच टोपलीतून बाजारात आला असणार.

लाख गाळून केलेला चपडा फर्निचरच्या पॉलिशला आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांना लागे, हे सर्वांना ठाऊक आहे. विजेलाही तो हवा होता. अभ्रकाचे पापुद्रे चपड्याने चिकटवून यंत्रांचं इन्सुलेशन करत. या चपड्याला पर्याय शोधता शोधता रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँडला १९०७ मध्ये बेकेलाइट ही कृत्रिम राळ गवसली. मग तशाच राळेत भिजवलेले थर दाबून अभ्रकाचीही जागा घेणारा माल निघाला. अभ्रकाऐवजी, म्हणजे ‘फॉर मायका’. म्हणून १९१३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या कंपनीचं नाव फॉर्मायका. आपल्या सुताराची सनमायका याच घराण्यातली. तसल्याच शीट बनवणाऱ्या स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये लॅमिनेटची फरशी काढली. टेबलावरचा थर पायाखाली आला. फळीवरचे लाकडाचे रेषे म्हणजे मेलामाइनमध्ये भिजवलेला छापील कागद.

जाणकार फ्रान्समधल्या पार्केकडे, म्हणजे लाकडी पट्ट्या जुळवून केलेल्या फरशीकडे बोट दाखवतील. त्याच्याकडून फक्त चेहरा घेतलाय. कूळ ठरतं ते घडणीवरून.

बसवण्याची रीतही तेच सांगते. माडीच्या फळ्या तुळयांवर खिळ्यांनी ठोकत. ही फळी फोमवर मोकळी पडून राहते. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकते, खिळा लागत नाही. मधला गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा. तो पावसाळ्यात दमट हवेने फुगतो, म्हणून भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर फट सोडून ती पट्टीखाली झाकतात. फट विसरलात तर फरशी मधोमध उचलली जाते.

तेव्हा फळ्यांच्या पेट्या आणल्या की दोन दिवस खोलीतच पडू द्या, तिथल्या हवेची सवय होऊ द्या, मग काम सुरू करा. आणि जुनी माडी उतरवताना सागवानी फळी निघाली, तर भंगारात देऊ नका. घासून तिच्यावर चपड्याचा हात फिरवा. गोंदियाची मूळ चमक तीच.