बहिऱ्यांची नाटकमंडळी

बहिऱ्या कलावंतांचा विषय निघाला की बीथोव्हन आणि गोया ही नावे हमखास येतात, आणि त्यांच्यामागून एक समजूतही येते: कान गेले की माणूस एकटा पडतो आणि त्या एकटेपणातून थोर कला जन्मते. मला ही समजूत अपुरी वाटते. 1792-93च्या आजारात गोयाला बहिरेपण आले तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, दरबारात नाव असलेला चित्रकार होता. 1799मध्ये तर तो राजाचा प्रमुख चित्रकार झाला. कान गेले, पण धंदा हातात राहिला. ज्याच्या गाठीला असे काहीच नाही, त्याने काय करावे?

वेल्समध्ये 1931 साली जन्मलेल्या डोरोथी माइल्स यांची श्रवणशक्ती 1939मध्ये, आठव्या वर्षी, मेंदूज्वराने गेली. तोवर इंग्रजी त्यांच्या कानांत पुरते मुरले होते. बहिऱ्या मुलांच्या शाळांत खुणांपेक्षा तोंडी बोलण्यालाच मान होता. बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या 1880च्या मिलान परिषदेने तसा ठरावच केला होता. 1957मध्ये त्या वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजात गेल्या. खुणांच्या भाषेलाही स्वतःची रचना असते, हे तिथलेच प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी 1960मध्ये मांडले. 1967मध्ये नॅशनल थिएटर ऑफ द डेफ ही नाटकमंडळी उभी राहिली आणि माइल्स तिच्यात सामील झाल्या. बहिरे नट खुणांनी बोलत, ऐकू येणारे सहकलाकार तेच संवाद आवाजात म्हणत. 1971चे ‘माय थर्ड आय’ तर मंडळींनी आपापल्या आयुष्यातून मिळूनच रचले. माइल्स यांचा 1976चा ‘जेश्चर्स’ हा कवितासंग्रह याच मुशीतला. इंग्रजी शब्द आणि खुणा एकाच वेळी चालाव्यात, अशी त्यातल्या कवितांची बांधणी. लहानपणी ऐकलेले इंग्रजी आणि मंडळींत रुळलेल्या खुणा, दोन्ही जवळ असल्याशिवाय ते जमण्यासारखे नव्हते. म्हणजे गमावलेल्या श्रवणाची शिल्लकही उपयोगी पडली, पण ती खर्चायला बाजार समूहाने दिला. प्रतिभा त्यांची होतीच, पण तिला भाषा आणि प्रेक्षक दोन्ही लागतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ही मंडळी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठी खुणा इतक्या नटवत, की बहिऱ्या प्रेक्षकांनाच त्या उमजत नसत. तशी तक्रार तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या मंडळीला सगळ्यांना खूश ठेवावे लागते. दुसरा आक्षेप जड आहे. कलेने माणूस बरा होतो म्हणावे, तर माइल्स अखेरपर्यंत मानसिक आजाराशी झगडत राहिल्या आणि 1993मध्ये त्यातच त्यांचा अंत झाला. पण कला आजार बरा करते, हा माझा दावाच नाही. बहिरेपण बरे करण्याचा प्रश्न तर त्या मंडळींत कुणी काढलाच नसता. प्रश्न कामाचा होता, आणि काम तर वाढतच गेले: 1977मध्ये ब्रिटनला परतल्यावर त्यांनी बहिऱ्यांनाच ब्रिटिश खुणांच्या भाषेचे शिक्षक म्हणून घडवण्यात वाटा उचलला आणि 1988मध्ये ती भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही लिहिले.