‘गावठी’, ‘ब्रॉयलर’ आणि ‘असील’

मुंबईच्या उपनगरांत ‘गावठी’ व ‘ब्रॉयलर’ हे शब्द परस्परविरोधी म्हणून रूढ आहेत : पहिली कोंबडी आपली, दुसरी परकी. वस्तुतः पहिला शब्द वस्ती सांगतो आणि दुसरा पाकक्रिया. वंश दोहोंपैकी एकही सांगत नाही.

गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीची स्थापना १९४९ मध्ये झाली. पुढे तेथे केंद्र सरकारचे कुक्कुटपैदास केंद्रही उभे राहिले. निवडक वाणांची पैदास व प्रसार हे अशा केंद्रांचे कार्य होय. मांसासाठी रूढ झालेला संकर असा : नर कॉर्निश वंशाचा, रुंद छातीचा, मादी श्वेत प्लिमथ रॉक वंशाची, अधिक अंडी देणारी. त्यांची पिले थोड्या आठवड्यांत वजन धरतात. परंतु त्याच पिलांपासून पुढील पैदास केल्यास हे गुण विखुरतात. म्हणून प्रत्येक खेपेस पिले विकत आणावी लागतात. परसातील खुडूक कोंबडी अंडी उबवून हा खर्च वाचवीत असे.

आता या कॉर्निशचे मूळ पाहावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात हा वाण घडला. त्यात भारतातील झुंजीच्या असील कोंबड्यांचे रक्त होते, आणि इंग्लंडात त्यास ‘इंडियन गेम’ असेच नाव पडले. ‘असील’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ कुलीन, अस्सल. म्हणजे अस्सलपणाचे नाव धारण करणारा पक्षीच या संकराचा एक पूर्वज ठरला आणि त्याचा वंशज मायदेशी परका म्हणून परतला.

तेव्हा ‘गावठी’ व ‘ब्रॉयलर’ यांतील खरा भेद रक्ताचा नव्हे. पुढची पिढी परसात निपजते की विकत आणावी लागते, याचा आहे.