टेडी बॉय वेश
दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सातव्या एडवर्डच्या कारकीर्दीतील (१९०१–१०) पुरुषवेशाच्या धर्तीवर शिवला जाऊ लागलेला पोशाख. युद्धकाळातील टंचाईमुळे तेथे १९४१ मध्ये कपड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. १९४२ च्या नियमांनी कोटाचे खिसेही मोजून दिले व विजारीच्या पायाची दुमड बंद केली. वाटपावरील नियंत्रण १९४९ मध्ये उठले. त्याच सुमारास लंडनच्या सॅव्हिल रो भागातील शिंप्यांनी उच्चवर्गीय तरुणांसाठी मखमली कॉलरचा लांब कोट, नक्षीदार जाकीट व अरुंद विजार असा जुन्या वळणाचा वेश पुन्हा बेतला. १९५० नंतर तो दक्षिण लंडनमधील कामगारवर्गातील तरुणांनी उचलला आणि उच्चवर्गाने लगोलग टाकला. यास निव्वळ अनुकरण म्हणता येणार नाही. वस्तीतल्या शिंप्याकडून, पुष्कळदा हप्त्यांनी पैसे फेडून, शिवून घेतलेल्या या कोटाला अमेरिकी धाटणीचा सैल घेर मिळाला. जोडीला जाड रबरी तळाचे बूट आले. ‘टेडी’ हे एडवर्डचे लघुरूप १९५३ मध्ये वृत्तपत्रांनी रूढ केले. त्याच वर्षी क्लॅपम कॉमन येथे झालेल्या एका खुनानंतर या वेशाचा गुंडगिरीशी संबंध जोडला गेला. वस्तुतः बहुतेकांचा अपराध ऐपतीबाहेरचा कोट शिवण्याएवढाच होता. १९७१ मध्ये माल्कम मॅक्लॅरेन व पूर्वी प्राथमिक शिक्षिका असलेल्या व्हिव्हिएन वेस्टवुड यांनी लंडनमधील किंग्ज रोडवर दुकान काढून असे कोट पुन्हा विकावयास आणले. मात्र त्यांच्यापुढील नमुना एडवर्डच्या काळाचा नसून १९५० नंतरच्या कामगार तरुणांचा होता.