बागेसमोरची विहीर

विहीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रहाट येतो, मोट येते, निदान पाण्याचा गारवा तरी येतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डेंटन नावाचे शहर आहे. तिथे अनेकांना विहीर म्हटल्यावर आठवतो तो पोलादी मनोरा, घरघरणारी डिझेलची इंजिने आणि टँकरची रांग. ही विहीर पाण्याची नव्हे, वायूची. तिची गोष्ट आज सांगतो. कारण ती जितकी वायूची, तितकीच गावाच्या अधिकाराची आहे.

जमिनीच्या पोटातला खडक फोडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या एडवर्ड रॉबर्ट्स यांनी १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरीत स्फोटक सोडून हा प्रयोग केला. दारूगोळ्याऐवजी द्रवाचा दाब वापरून पाहण्याचा प्रयोग १९४७ मध्ये कॅन्सासमध्ये झाला. पण उत्तर टेक्सासखालचा बार्नेट शेल नावाचा खडक कोणालाच दाद देत नव्हता. त्याच्या कणाकणांत वायू होता, पण तो सुटत नव्हता. जॉर्ज मिचेल या उद्योजकाने जवळजवळ दोन दशके त्याचा पिच्छा पुरवला. मिचेल म्हणजे ग्रीसमधून आलेल्या एका गुराख्याचा मुलगा. अखेर १९९८ च्या सुमारास, भरपूर पाणी आणि थोडी वाळू वापरण्याची त्यांच्या अभियंत्यांची युक्ती फळाला आली. पुढे तिला आडव्या खोदाईची जोड मिळाली आणि अमेरिकेच्या ऊर्जेचा इतिहासच बदलला. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडायचे. खडकाला भेगा पडतात, वाळू त्या मिटू देत नाही आणि वायू वर येतो. बार्नेटमधल्या एका विहिरीला साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागते. वजूसाठीही तांब्यात मोजून पाणी घेणाऱ्या घरात मी वाढलो. हा आकडा मला सहज उच्चारता येत नाही. शिवाय त्यातले जे पाणी परत येते ते खारट आणि दूषित असते. ते पुन्हा खोल जमिनीत जिरवावे लागते, आणि अशा जिरवण्याचा संबंध टेक्सास-ओक्लाहोमातल्या भूकंपांशी असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

आता डेंटनकडे येऊ. दोन विद्यापीठे असलेले, २०१४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास वस्ती असलेले हे शहर. २००९ मध्ये तिथल्या मकेना पार्कसमोर वायुविहिरी खोदायला परवानगी मिळाली. एका बाजूला मुलांचे खेळायचे मैदान, जवळच रुग्णालय, आणि समोर विहीर. आईबाप विचारू लागले, मुले कोणत्या हवेत खेळणार? रात्रीच्या आवाजाचे काय? दुर्घटना झाली तर?

नगर परिषदेने २०१३ मध्ये नियम केला की घरे, शाळा, बागा यांपासून १२०० फुटांच्या आत नवी विहीर नको. नियम चांगला होता, पण जुन्या परवानग्यांना तो लागू होईना, आणि घरांपासून त्याहून बऱ्याच कमी अंतरावर खोदाई चालूच राहिली. त्यात टेक्सासच्या कायद्याची आणखी एक गाठ. तिथे जमिनीची मालकी एकाकडे आणि जमिनीखालच्या खनिजाची दुसऱ्याकडे असू शकते. घर तुमचे, अंगण तुमचे; पण त्याखालचा वायू दूर कुठे तरी राहणाऱ्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाचा. रॉयल्टी त्याला, धूर तुम्हाला.

लोकांनी सह्या गोळा केल्या. जुलै २०१४ मध्ये परिषदेपुढे सुनावणी झाली, ती मध्यरात्र उलटून गेली तरी संपेना. परिषदेने बंदी नाकारली आणि प्रश्न मतपेटीकडे गेला. ४ नोव्हेंबर २०१४ रोजी सुमारे ५९ टक्के मतदारांनी शहराच्या हद्दीत फ्रॅकिंगबंदीचा कौल दिला. तेलाच्या राज्यात असा कौल पहिल्यांदाच लागला होता. दुसऱ्याच दिवशी तेल-वायू उद्योगाची संघटना आणि राज्याचे भूमी कार्यालय न्यायालयात गेले. १८ मे २०१५ रोजी राज्यपालांनी नव्या कायद्यावर सही केली आणि अशा बंदीचा शहरांचा अधिकारच काढून घेतला. जूनमध्ये खोदाई पुन्हा सुरू झाली, आणि १६ जूनला परिषदेने बंदी मागे घेतली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वायूमुळे अमेरिकेत कोळसा कमी जळू लागला, रोजगार आला, कर आला. हे खोटे नाही. पण खुद्द मिचेल यांनीच २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्यासह लेख लिहून या उद्योगाला नीट नियम लावा, असे बजावले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१६ च्या अहवालानेही मान्य केले की काही परिस्थितींत या कामाचा पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांवर परिणाम होऊ शकतो.

आणि त्याच देशात उलट निकालही लागले. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये गावांचे अधिकार डावलणाऱ्या कायद्यातील कलमे रद्द केली. जून २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने ड्रायडन या छोट्या गावाची बंदी उचलून धरली. खडक फोडण्याची रीत सगळीकडे तीच. फरक पडला तो गावाचे ऐकायचे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरात.

बी.ए.ला इतिहास शिकताना लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आम्ही पाठ केला होता. त्याची तारीख १८ मे १८८२. डेंटनचा अधिकार गेला तीही १८ मेच. हा निव्वळ योगायोग. पण गटार, दिवाबत्ती आणि बाग एवढे गावाकडे सोपवायचे, आणि त्या बागेसमोर काय उभे राहावे हे मात्र वरून ठरवायचे, याला स्वराज्य म्हणायचे का? डेंटनच्या आईबापांनी हा प्रश्न सनदशीर मार्गाने विचारला, मतपेटीतून त्याचे उत्तरही दिले. ते उत्तर राज्याच्या कायद्याने पुसले. प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने पुसता आलेला नाही.